चार पेल्यांतलं मलम

तिळाच्या तेलात चार मुळ्या तीन दिवस भिजत घालायच्या: दांगग्वेइ, बायझी, ज्येष्ठमध आणि जांभळ्या सालीची झत्साओ. चौथ्या दिवशी तेल मंद आचेवर चढवायचं. मुळ्या करपू द्यायच्या नाहीत, रंग किंचित सुकल्यासारखा झाला की थांबायचं. तलम रेशमी फडक्यातून तेल गाळायचं, पुन्हा उकळी आणायची, त्यात हिरादखण पूर्ण विरघळू द्यायचा आणि मग आच आणखी कमी करून पांढरं मेण सोडायचं. चहाचे चार पेले आधीच पाण्यात उभे करून ठेवलेले असतात. मलम त्या चारांत सारखं वाटून ओतायचं. जरा वेळ जाऊ द्यायचा, आणि मगच प्रत्येक पेल्यात वस्त्रगाळ केलेली एक पांढरी भुकटी घालून ढवळायचं. एक दिवस आणि एक रात्र हलवायचं नाही.

लोणी कढवताना बेरी जळू नये म्हणून चुलीपाशी डोळ्यांत तेल घालून उभ्या राहणाऱ्या बाईला या कृतीतलं काही समजावून सांगावं लागणार नाही. ही कृती १६१७ साली चीनमध्ये छापली गेली. मलमाचं नाव शंगजी युहोंग गाव, म्हणजे मांस भरून आणणारं लाल जेडचं मलम. न भरणाऱ्या जखमांवर, पाठीवर फुटलेल्या काळपुळीवर, नडगीवर वर्षानुवर्षं वाहणाऱ्या व्रणावर ते लावत. चारशे वर्षं उलटली, तरी या मलमाचे वंशज चीनमधल्या रुग्णालयांत आजही वापरात आहेत.

कृती लिहिणारा वैद्य चेन शिगोंग. जन्म १५५५, मृत्यू १६३६, गाव यांगत्सेच्या मुखाजवळचं आजचं नानतोंग. चाळीस वर्षं फोड, गळवं आणि सडलेले पाय हाताळल्यावर त्याने ‘वायके झंगझोंग’ हा ग्रंथ लिहिला. ‘वायके’ म्हणजे शरीराच्या बाहेरच्या अंगावर दिसणाऱ्या रोगांचं शास्त्र. चीनच्या वैद्यकात या शाखेला मान कमी. नाडी पाहून काढा लिहून देणारे वैद्य विद्वान गणले जात, पू काढणारे कारागीर. चेनला हे सलत होतं. फोड बाहेर दिसला तरी त्याचं मूळ आत असतं, तेव्हा बाहेरचं पाहणाऱ्यालाही आतलं सगळं कळलंच पाहिजे, असं तो आग्रहाने मांडतो.

त्याच्या ग्रंथातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग औषधांचा नाहीच. वैद्याने काय टाळावं याचे पाच आणि काय करावं याचे दहा नियम त्याने लिहून ठेवले आहेत. बोलावणं श्रीमंताचं असो वा गरिबाचं, लगेच निघायचं. बाईला तपासताना सोबत कोणीतरी हवंच. गणिकेलाही घरंदाज बाईसारखंच वागवायचं. गरिबाकडून औषधाचे पैसे घ्यायचे नाहीत, आणि तो फारच नडलेला असेल तर वर थोडे पैसे हातावर ठेवायचे, कारण औषध आहे पण पोटाला अन्न नाही अशा माणसाचा जीव वाचत नाही. हा नियम लिहिणाऱ्याने खूप जखमा पाहिल्या असणार. अन्नावाचून जखम भरत नाही हे आजचा कुठलाही सर्जन सांगेल. त्या काळी फोड झालेल्या माणसाला पथ्याच्या नावाखाली उपाशी ठेवत, आणि चेनने त्याविरुद्ध ठामपणे लिहिलं. आपल्याकडेही टाके पडले की वांगं नको, आंबट नको, जखम चिघळेल, असं म्हणत माणसाला मऊ भातावर ठेवणारी घरं आहेतच.

मला या विषयाकडे आत्याच्या पायाने नेलं. मधुमेह जुना, पायाची संवेदना गेलेली. नव्या चपलेचा पट्टा अंगठ्याखाली घासला आणि ते तिला कळलंच नाही. मोज्याला डाग दिसला तेव्हा जखम खोल गेली होती. कोणीतरी परदेशातून आणलेली एक डबी दिली. झाकणावर ड्रॅगन, आतला मजकूर कोणालाच न वाचता येणारा. ‘चिनी औषध आहे, जडीबुटीचं, काही अपाय नाही.’ तीन आठवडे ते मलम लावण्यात गेले. अंगठा वाचला नाही. मलमात काय होतं ते आजही मला माहीत नाही, त्यामुळे दोष मलमाला देत नाही. तीन आठवडे मात्र गेले ते गेले.

दुखणारी गोष्ट अशी की, ज्या परंपरेच्या नावाने ती डबी घरात आली, त्या परंपरेने असल्या पायाबद्दल काय करावं हे दोन हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं होतं. ‘लिंगशू’ या प्राचीन चिनी ग्रंथाच्या ८१व्या अध्यायात पायाच्या बोटावर होणाऱ्या एका व्रणाचं वर्णन आहे. रंग तांबडा-काळा पडला तर रोगी वाचत नाही. काळा पडला नसेल तर वाचतो. आणि उपचारानेही उतार पडत नसेल तर बोट ताबडतोब कापा, नाहीतर मरण ठरलेलं. या रोगाला पुढे तुओजू म्हणू लागले, ‘गळून पडणारा व्रण’. चेन शिगोंग स्वतः बोट कापत असे. सडलेल्या भागाच्या वर निरोगी सांध्यापाशी केस घट्ट गुंडाळून रक्त थांबवायचं आणि मग सांध्यातून बोट काढायचं, अशी त्याची रीत होती. ज्या मलमवाल्या वैद्याच्या नावावर आज निसर्गोपचार विकले जातात, त्याच्या हातात चाकू होता.

सगळ्यांना हे मान्य नव्हतं. १७४० साली वांग वेइद या वैद्याने ‘वायके झंगझी छुआनशंग जी’ लिहून चाकू आणि दाहक औषधं यांच्यावर कडाडून टीका केली. पोटातून औषध देऊन फोड विरवावा, फुटूच देऊ नये, हे त्याचं मत. थंड, फिकट, सपाट, ठसठस नसलेल्या गाठींसाठी त्याने सुचवलेला यांगह हा काढा आजही प्रसिद्ध आहे. ‘चिनी औषध’ म्हणून एकच काही नसतं. तिथेही घराणी आहेत, भांडणं आहेत, एकमेकांना खोडून काढणारे ग्रंथ आहेत.

या परंपरेचं खरं बळ मला कुठल्या एका मुळीत दिसत नाही. ते दिसतं जखम वाचण्यात. परिघाला लाल, गरम, उंच आणि ठणकणारा तो यांग फोड. फिकट, थंड, पसरट, मुका तो यिन. पहिला लवकर पिकतो आणि लवकर बरा होतो, दुसरा माणसाला आतून पोखरतो. पू झालाय का, हे बोटाने दाबून पाहायचं. दाबलेली जागा लगेच वर आली तर पू झाला, नाहीतर अजून वेळ आहे. बोटाच्या पेरात पू असेल तर ते दिव्यासमोर धरून आरपार पाहायचं. मग तीन वाटा. सुरुवातीला विरवायचं, मधल्या अवस्थेत आतून बळ देऊन पू बाहेर ढकलायचा, शेवटी झीज भरून काढायची. चुकीच्या वेळी योग्य औषध दिलं तरी ते विषच, असं हे ग्रंथ पुनःपुन्हा बजावतात.

जखम फुटल्यानंतरचं तत्त्व चार अक्षरांत मावतं: छू फू शंग जी. सडकं काढा, मांस भरू द्या. सुश्रुताचा वाचक इथे थबकेल, कारण व्रणशोधन आणि व्रणरोपण हीच ती जोडी. आपल्या जात्यादि तेलातही पानं-मुळ्यांच्या जोडीला मेण आहे, मोरचूद आहे. कोणी कोणाकडून घेतलं या वादात मला रस नाही. सडक्यावर मांस धरत नाही हे दोन्हीकडच्या वैद्यांनी रोजच्या रोज पाहिलं होतं.

फार जुनं आहे हे पाहणं. ‘झोउ ली’ या ग्रंथात राजदरबारच्या वैद्यांचे चार वर्ग दिले आहेत: आहाराचे, आजारांचे, व्रणांचे आणि जनावरांचे. व्रणवैद्याकडे सुजलेले फोड, फुटलेले फोड, शस्त्राच्या जखमा आणि मोडलेली हाडं. १९७३ साली हुनान प्रांतात छांगशाजवळ मावांगदुई इथल्या तिसऱ्या थडग्यातून रेशमावर लिहिलेली पोथी निघाली. थडगं इसवीसनपूर्व १६८ मधलं. पोथीत ५२ रोगांवरचे सुमारे २८० उपाय, आणि त्यांतला मोठा वाटा जखमा, गळवं, मूळव्याध, चावे आणि भाजणं यांचा. मेलेल्या माणसाच्या उशाशी ठेवावी इतकी ती पोथी मोलाची वाटली असणार.

आज हे काम कसं चालतं ते पाहायचं तर शांघायच्या लोंगहुआ रुग्णालयाकडे वळावं लागतं. रुग्णालय १९६० सालचं, पण तिथल्या व्रणविभागाची परंपरा गू घराण्याची. गू बोहुआ (१९१६-१९९३) हे त्यातलं मोठं नाव. नडगीच्या खालच्या भागावर, फुगलेल्या शिरांच्या पायावर जो व्रण होतो, त्याला शांघायची माणसं लाओ लान ज्याओ म्हणतात, म्हणजे जुना सडका पाय. दहा-दहा वर्षं वाहणारा, वासाने घरच्यांनाही दूर ठेवणारा. असल्या पायावरचं काम संथ असतं. आधी काढ्याने धुणं. मग मेलेला भाग एकदम न कापता रोज थोडा-थोडा कापायचा. रेशमाचा किडा पान कुरतडतो तसा, आणि या पद्धतीला नावही तेच आहे. खोल नळी झाली असेल तर तुतीच्या सालीच्या कागदाची पीळ दिलेली वात, औषधाच्या पुडीत घोळवून, आत सरकवायची. दिव्याच्या वातीसारखीच ती, फक्त ही तेल वर ओढत नाही, पू बाहेर आणते. वर मलमाची पट्टी. आणि मग पायाला घोट्यापासून वर घट्ट बांधून घेणं. हे बांधणं फार महत्त्वाचं. शिरांच्या व्रणावर दाबाची पट्टी हाच जगभरचा मुख्य उपचार आहे, आणि मलमाला मिळणाऱ्या श्रेयातलं निम्मं तरी या पट्टीला द्यायला हवं.

गू परंपरेत आणखी एक शब्द आहे, वेइनोंग झांगरौ. मलमाखाली जखमेतून दाटसर स्राव ‘ऊब देऊन’ जमू द्यायचा, त्यातच मांस वाढतं. जखम कोरडी ठेवावी, हवा लागू द्यावी, खपली धरू द्यावी असंच आपण लहानपणापासून ऐकलं. १९६२ साली जॉर्ज विंटर या संशोधकाने कोवळ्या डुकरांवर प्रयोग करून दाखवलं की, ओलावा राखलेल्या जखमेवर नवी त्वचा कोरड्या जखमेच्या सुमारे दुप्पट वेगाने येते. आजच्या महागड्या ड्रेसिंगचा सारा व्यवसाय त्या शोधावर उभा आहे. तेल आणि मेण यांचं मलम पाणी उडू देत नाही. चेनच्या पेल्यांतली निम्मी करामत त्या मेणाची असेल, असं मला वाटतं.

उरलेल्या निम्म्यात झत्साओ आहे. मलमाला लाल-जांभळा रंग देणारी ही मुळी आपल्याला अगदीच परकी नाही. हिच्या भाऊबंदांना आपल्याकडे रतनजोत म्हणतात, रोगनजोशला रंग त्यांचाच. तिच्यातल्या शिकोनिन या रंगद्रव्याची रचना १९१८ साली जपानच्या चिका कुरोदा यांनी उलगडली. विद्यापीठाचे दरवाजे बायकांना जेमतेम उघडू लागले होते त्या काळातल्या त्या रसायनशास्त्रज्ञ. मुळी जपानात त्याआधीच रुजली होती. १८०४ साली भूल देऊन स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया करणारे हानाओका सेइशू यांनी चेनच्याच ग्रंथातलं एक मलम थोडं बदलून शिउनको, म्हणजे जांभळ्या ढगाचं मलम, तयार केलं. भाजणं, भेगा आणि मूळव्याध यांवर ते जपानी औषधदुकानांत अजून मिळतं.

आता त्या शेवटच्या पांढऱ्या भुकटीकडे येतो. ती छिंगफन, म्हणजे पाऱ्याचा क्षार, आपल्या रसकापुराच्या जातीचा. सडकं मांस काढण्यासाठी तर याहून जहाल औषध होतं: पारा, सोरा आणि तुरटी भांड्यात बंद करून तापवायचे आणि वर जमलेली लाल भुकटी खरवडून घ्यायची. हिला शंगदान म्हणतात. ती निखळ कधी वापरत नसत. भाजलेल्या जिप्समचे नऊ भाग आणि तिचा एक भाग मिळून होतो ज्योउयी दान, शब्दशः ‘नवास-एक’. सड जास्त असेल तर ‘आठास-दोन’, आणखी हट्टी असेल तर निम्मं-निम्मं. जखम स्वच्छ होत जाईल तसं प्रमाण उतरवत न्यायचं. ही मोजणी पाहून त्या वैद्यांबद्दलचा आदर वाढतो. तरीही पारा तो पाराच. उघड्या जखमेतून तो रक्तात जातो, मूत्रपिंडं आणि मज्जासंस्था बिघडवतो. मधुमेही माणसाची मूत्रपिंडं बहुधा आधीच दुखावलेली. २०१३ च्या मिनामाता करारात पाऱ्याच्या वस्तूंवर बंधनं आली, पण पारंपरिक आणि धार्मिक वापराच्या वस्तू त्या यादीतून वगळलेल्या आहेत. चीनमध्येही आता छिंगफन वगळून मलम बनवलं जातं. माझं मत स्पष्ट आहे: पारा या परंपरेतून जायला हवा, आणि आपल्याही.

दुसरी गोष्ट जायला हवी ती आपल्या कोकणाशी बांधलेली आहे. चेनच्या ग्रंथात तोउनोंग सान हा एक योग आहे. पिकलेल्या पण न फुटणाऱ्या गळवातून पू बाहेर ढकलणारा. हुआंगछी ही फोडांवरची थोर मुळी मानली जाते, ती यात आहे, दांगग्वेइ आहे, आणि भाजलेली खवल्या मांजराची खवलं आहेत. हा प्राणी माती भेदून आरपार जातो, म्हणून त्याची खवलं गाठ भेदतील, असा तर्क. खवलं केराटिनची, आपल्या नखांची असतात तीच वस्तू. असल्या तर्कांपायीही आधी चीन आणि आग्नेय आशियातली खवल्या मांजरं संपत आली, मग शिकाऱ्यांची नजर आफ्रिकेकडे आणि भारताकडे वळली. रत्नागिरी-सिंधुदुर्गात खवलं घेऊन जाताना पकडलेल्या माणसांच्या बातम्या आपण वाचतोच. २०१६ साली या प्राण्याच्या सर्व जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय झाला. २०२० साली चीनने त्याला सर्वोच्च संरक्षण दिलं आणि त्याच वर्षीच्या औषधकोशातून खवलांची स्वतंत्र नोंद वगळली. त्याच वर्षी फेब्रुवारीत चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावाने खवल्या मांजरासाठी ‘खवलोत्सव’ केला. चारशे वर्षांपूर्वीच्या एका चिनी गळवाचं देणं कोकणातला प्राणी फेडत आला आहे, आणि त्याला वाचवायला गाव उभं राहतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

हळदीची कथा उलट्या दिशेची. चेनचीच आणखी एक कृती रूयी जिनहुआंग सान, सोनपिवळं चूर्ण. दहा द्रव्यं, त्यांत हळद. पू झालेला नसताना लाल-गरम सुजेवर ते चहाचं पाणी आणि मध यांत कालवून लावायचं. सूज पसरट आणि रंग नसलेली असेल तर कांद्याची पात आणि मद्य यांच्यात. आपली आजी मुका मार लागला की हळद-गूळ गरम करून लावते, तिला ही भाषा कळली असती. १९९५ साली जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं अमेरिकी पेटंट तिथल्या एका विद्यापीठाला मिळालं. त्याला आव्हान दिलं गेलं तेव्हा गोव्यात जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर सीएसआयआरचे महासंचालक होते. त्यांच्या संस्थेने जुन्या ग्रंथांचे आणि छापील लेखांचे पुरावे मांडले, आणि १९९७ साली पेटंट रद्द झालं. हळद जुनी आहे, हे तेव्हा सिद्ध झालं. ती न भरणारे व्रण भरते का, हा प्रश्न मात्र वेगळा, आणि तो चाचणीनेच सुटतो.

चाचण्यांच्या बाबतीत ही परंपरा कमी पडते, हे सांगायलाच हवं. मधुमेही पायाच्या व्रणांवर चिनी औषधांचे जे प्रयोग झाले, त्यांची छाननी झाली आहे. प्रयोग थोडे, लहान, ढिसाळ. निष्कर्ष काढता येईल असा पुरावा फार कमकुवत. त्याहून वाईट म्हणजे भेसळ. १९९९ साली लंडनमध्ये त्वचारोगांसाठी दिल्या गेलेल्या ११ ‘चिनी वनौषधी’ मलमांची तपासणी झाली, तेव्हा ८ मलमांत डेक्सामेथासोन हे जोरदार स्टेरॉइड सापडलं. लेबलावर त्याचा उल्लेखही नव्हता. स्टेरॉइडने लाली दोन दिवसांत ओसरते, रोगी खूश होतो. उघड्या जखमेत तेच औषध भरून येणं रोखतं आणि जंतूंना रान मोकळं करतं. आत्याच्या डबीवर एक शब्दही वाचता येत नव्हता, हे मला म्हणूनच विसरता येत नाही.

आणि तरीही एक चाचणी अशी आहे की, तिच्याबद्दल मी गेली काही वर्षं भेटेल त्याला सांगत असतो. तैवानमध्ये एका कंपनीने दोन वनस्पतींच्या अर्कांचं मलम तयार केलं. एक मंडूकपर्णी, आणि दुसरी कुठली? पानओवा. कुंडीत कुठेही फोफावणारा, जाड लुसलुशीत पानांचा, ज्याची भजी आपण पावसाळ्यात तळतो तोच. तैवान, चीन आणि अमेरिकेतल्या मधुमेही व्रणांच्या २३६ रुग्णांवर त्याची चाचणी झाली. निम्म्यांना हे मलम, निम्म्यांना आधुनिक ओलावा शोषणारं ड्रेसिंग. सोळा आठवड्यांत मलमाच्या गटात ६०.७ टक्के व्रण पूर्ण भरले, ड्रेसिंगच्या गटात ३५.१ टक्के. निकाल २०२१ साली प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी तैवानने औषधाला परवानगी दिली. पैसा कंपनीचा होता, म्हणून इतरांनीही ती चाचणी पुन्हा करून पाहायला हवी. संशोधकांचं म्हणणं असं की, जुनाट व्रणात सफाई करणाऱ्या दाहक पेशीच मुक्काम ठोकून बसतात आणि बांधकाम करणाऱ्या पेशींना वावच मिळत नाही. हे मलम ते पारडं फिरवतं. सडकं काढा आणि मांस भरू द्या, यांतला दुसरा टप्पा का अडतो, याचं हे पेशींच्या भाषेतलं उत्तर आहे.

पानओवा वाटून जखमेवर थापू नका. औषध आहे ते ठरावीक मात्रेच्या, निर्जंतुक अर्काचं, आणि ते लावण्याआधी त्या रुग्णांची जखम सर्जनने स्वच्छ केली होती.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. तुमच्या घरात त्यांतलं कोणी असेल, तर आज झोपण्याआधी त्यांचे दोन्ही तळपाय उजेडात धरून पाहा, बोटांच्या बेचक्यांसह. दिसत नसेल तर आरसा घ्या. चपलेत हात घालून खिळा, खडा, उसवलेली शिवण चाचपा. जखम दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, आणि काळा डाग, वास, ताप किंवा वर चढणारी लाली असेल तर रात्र उजाडायची वाट पाहू नका. ज्या डबीवर आतल्या द्रव्यांची नावं तुम्हाला वाचता येत नाहीत ती उघडू नका, मग ती चीनमधून आलेली असो की शेजारच्या पेठेतून.